मास्तरांचा अर्धा इंच

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्या गल्लीतले शिंपी. पुढे दुकान, मागे एक खोली, त्या खोलीतच संसार. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. कोटाची बाही उसवली म्हणून एकदा खाली गेले आणि बाही शिवून होईपर्यंत आमची मैत्री जमली. त्यांची साठी उलटलेली, माझी पंचविशी अजून यायची आहे. मी साहित्यात पदवी घेतलीय हे कळल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे नक्की काय येतं तुला?"

उत्तर मी अजून शोधतेय. 

काकू, म्हणजे मास्तरांची बायको, मागच्या खोलीत बसून काजं-बटणं करायच्या. पँटींचे पाय दुमडून हातशिलाई घालायच्या. पस्तीस वर्षं. यंदाच्या हिवाळ्यात त्यांचे गुडघे धरले. खोलीतली फरशी बर्फासारखी. दोन-दोन पायमोजे घातले तरी गारठा वर चढायचा. डॉक्टर म्हणाले, या फरशीवर राहणार असाल तर माझ्या गोळ्या वाया घालवू नका. मग लेक आली आणि आईला आपल्या गावी घेऊन गेली. निघताना म्हणाली, "बाबा, आई आता माझ्याकडेच राहील. तुम्हीही आवरा दुकान आणि या."

"तीन आठवडे दे," मास्तर म्हणाले. "फरशीचा गारठा घालवून दाखवतो. नाही गेला तर ठेव तिला."

लेक कबूल झाली.  काकूंनी खिळ्यावरची आपली छोटी कात्री काढून पिशवीत टाकली. ते मास्तरांना लागलं. रिकाम्या खिळ्याकडे ते दिवसातून दहा वेळा बघायचे.

ओळखीचा सुतार महिनाभर मोकळा नव्हता. पँट घ्यायला आला तेव्हा त्याने उभ्या उभ्या सगळं समजावलं. फरशीवर आधी प्लॅस्टिक, ओल वर येऊ नये म्हणून. त्यावर इन्सुलेशनचे दोन इंची तक्ते, थर्माकोलसारखे हलके पण कडक. त्यावर लाकडी फळ्या. फळ्या कुठेही ठोकायच्या नाहीत, नुसत्या एकमेकींच्या खाचेत बसवायच्या. आणि चारही भिंतींपासून अर्धा इंच जागा सोडायची.

"लाकूड फुगतं, मास्तर. त्याला हलायला जागा लागते."

"अरे, म्हणजे हा कोटच की! खाली अस्तर, मध्ये भरण, वर कापड. चाळीस वर्षं दुसरं काय केलं मी?"

"कोट फसला तर उसवता येतो."

"हेही उसवीन."

पुढचे दिवस मी तोंडात बोट घालून बघत होते. मास्तरांनी आधी खोलीचं माप घेतलं. माणसाचं घेतात तसं, टेप गळ्यात टाकून. मग जुनी वर्तमानपत्रं चिकटवून अख्ख्या खोलीचा कागदी नमुना केला. तो पसरला तेव्हा कळलं की खिडकीकडची भिंत तिरकी आहे.

"एक खांदा उतरलाय हिचा," मास्तर म्हणाले. "असू दे. अशी गिऱ्हाइकं खूप बघितलीत."

नमुन्याच्या कडेने त्यांनी अर्धा इंच आत खडूने रेघ मारली. सुताराने सांगितलेली जागा. मी ती रेघ स्वतः पाहिली. मग नमुन्यावरून चोवीस फळ्यांवर खुणा केल्या. तक्ते सुरीने कापले, फळ्या करवतीने.

"तुम्हाला हे येतं कसं?" मी विचारलं.

"येत नाही. मापाने चाललोय."

गुरुवारी संध्याकाळी शेवटची फळी राहिली. ती काही जाईना. मास्तरांनी खाली कापडाची घडी धरून हातोडीने तिला आत बसवली. मग मला सुई दिली. "फळी आणि भिंत, मध्ये कुठे जाते का बघ."

कुठेही गेली नाही. मी टाळ्या वाजवल्या. पायाखाली अजिबात गार लागत नव्हतं. मास्तर अनवाणी, हात मागे बांधून, खोलीत फेऱ्या मारत होते. लग्नाचा सूट घालून आरशासमोर उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकासारखे.

शुक्रवारी दिवसभर धुकं होतं. सगळं ओलसर, दमट. शनिवारी सकाळी जिन्यातून हाक आली, "पोरी, खाली ये गं!"

खोलीच्या मधोमध जमीन वर आली होती. उंटाच्या पाठीसारखी. मी एका बाजूला पाय दिला, तर दुसरी बाजू उचलली. मास्तर उंबऱ्यात बसले होते. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

"दुपारी लेक तिला घेऊन येतेय," ते म्हणाले. "बघायला."

मी काहीतरी धीराचं बोलणार होते. तेवढ्यात दुकानातून आवाज आला, "कुणी आहे का घरात?"

काकू. एकट्याच. हातात एक पिशवी.

"तू दुपारी येणार होतीस ना?" मास्तर धडपडत उठले.

"लेक म्हणाली, दुपारी सोडते. मी म्हटलं, तोपर्यंत तुझे बाबा काहीतरी झाकून ठेवतील. सकाळची गाडी पकडली." त्यांनी आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हे काय पिल्लू लपवलंय खाली?"

मला हसू आलं. मास्तरांना आलं नाही.

"आणि दार का काढून ठेवलंय?"

"ते नंतर सांगतो."

काकूंनी नमुना मागितला. स्टुलावर बसून तो मांडीवर घेतला. टेप लावली. मग मला एक फळी काढायला सांगितली. हातोडीने बसवलेली ती शेवटची फळी आधी उचकटावी लागली. काकूंनी दुसरी फळी मोजली. पुन्हा मोजली.

"कागदावर रेघ बरोबर आहे. फळी दोन्हीकडे अर्धा इंच जास्त. अहो, रेघेवर कापलंत की रेघेबाहेर?"

मास्तरांनी फळीच्या टोकावरून अंगठा फिरवला. 

"शिलाईसाठी सोडलंत ना?"

 मास्तरांचे कान लाल झाले.

"बघ गं," काकू माझ्याकडे वळल्या. "या माणसाने आयुष्यात रेघेवर कात्री चालवलेली नाही. प्रत्येक पँट अर्धा इंच लांब. आणि ती कोण दुमडतं?"

"तू," मास्तर म्हणाले.

"मग आता फळी कोण दुमडणार?"

 मास्तर हळूच म्हणाले, "कापताना डोक्यात असतंच की, पुढे तू आहेस."

मी खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

"उठा," काकू म्हणाल्या. "दोन्हीकडचं मिळून एक इंच, एकाच टोकाने काढा. शेवटची फळी रुंदीत कापा. खुणा मी करते."

सगळी जमीन उसवली. काकू खडूने रेघ ओढायच्या, मास्तर करवत लावायचे, मी फळी धरायचे. दर फळीला काकूंचं एकच वाक्य: "रेघेवर. रेघेवर म्हणजे रेघेवर." सोळाव्या फळीला मास्तर म्हणाले, "कळलं गं बाई!" सतराव्याला त्यांनी पुन्हा बाहेर कापलं. ती परत कापली.

चारच्या सुमाराला जमीन सपाट झाली. भिंतीलगत चहूबाजूंनी बोटभर फट. ती झाकायला पट्टी लागणार होती. "कोटाला गोट लावतात तशी," मास्तर म्हणाले.

काकूंनी एक पायमोजा काढला. मग दुसरा. या खोलीत त्या ते कधी काढत नसत. खिडकीपासून दारापर्यंत चालत गेल्या, तशाच परत आल्या. आम्ही दोघं श्वास रोखून उभे.

"गार नाही," त्या म्हणाल्या.

"गरम आहे ना?"

"गरम म्हटलं नाही मी. गार नाही म्हटलं."

मग पिशवीतून कात्री काढली आणि खिळ्यावर टांगली. लेकीला फोन केला. "आज येऊ नकोस, खोलीभर भुसा आहे. पुढच्या आठवड्यात ये. येताना माझे बाकीचे कपडे आण."

मास्तरांनी भिंतीला टेकलेलं दार उचललं. जमीन अडीच इंच वर आल्यामुळे ते आता चौकटीत बसत नव्हतं. खालून कापायचं होतं. त्यांनी ते आडवं टाकलं, अडीच आणि वर पाव इंच मोजून खडूने रेघ मारली, करवत उचलली. आणि थांबले.

"मी काय म्हणतो, थोडंसं जास्तच ठेवू या का? लागलं तर नंतर..."

काकूंनी हात पुढे केला.

"द्या इकडे ती करवत."