घराच्या मधोमध ओफेन

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनजवळच्या त्या जुन्या घरातला पहिला हिवाळा मी स्वेटरवर स्वेटर चढवून काढला. दुसऱ्या हिवाळ्याआधी ओफेन, म्हणजे घर तापवणारी लाकडावरची बंद शेगडी, बसवायचा, हे ठरलं. कुठे बसवायचा, हेही ठरलं होतं. फक्त मला विचारून नाही. आणि मी आपणहून बोलणाऱ्यांतली नाही.

सासऱ्यांनी पुण्याहून फोनवर निकाल दिला होता, "अग्नी आग्नेयेलाच. चर्चा नाही."

मी इंग्लिश मीडियमची. आग्नेय म्हटलं की मला मनात एकदा गोल फिरून साउथ-ईस्टला पोचावं लागतं. पोचले, आणि मान वळवून तिकडे पाहिलं. त्या कोपऱ्यात घरातली एकमेव ऊन येणारी खिडकी होती, आणि तिच्यापाशी माझं टेबल. माझा थीसिस मी तिथेच लिहीत होते. त्या परक्या गावात माझी म्हणावी अशी तेवढीच जागा होती.

नवरा मोटारींच्या कंपनीत इंजिनियर. त्याने ड्रॉइंग काढलं: खिडकी बुजवायची, तिथून पाइप बाहेर काढायचा, भिंतीला लागून स्टीलची चिमणी छपराच्या वर न्यायची. ड्रॉइंग सुरेख होतं. वडिलांना नाही म्हणण्यापेक्षा भिंत फोडणं त्याला सोपं वाटत होतं.

मी गप्प राहिले, पण बघत राहिले. छपरावर विटांची चिमणी होती, तिला दोन तोंडं. गारठ्याच्या सकाळी गॅसच्या अपुऱ्या हीटिंगची वाफ एकाच तोंडातून यायची. मग दुसरं कशाचं? मी नजरेनेच ते सरळ खाली आणलं, तर ते दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत उतरत होतं. नवरा ऑफिसला गेल्यावर ती भिंत बोटांनी ठोकत गेले. एका जागी आवाज पोकळ आला. नखाने वॉलपेपर सोलला. आत पत्र्याचं गोल झाकण होतं. जुन्या मालकांचा ओफेन इथेच जोडलेला असणार!

संध्याकाळी नवऱ्याने झाकण पाहिलं, वाजवलं, पुन्हा पाहिलं. "भारीच. पण हे घराच्या बरोब्बर मध्यावर आहे. बाबा ऐकायचे नाहीत."

"मी बोलते," मी म्हणाले.

रविवारी फोन स्पीकरवर ठेवला. सगळं ऐकून सासरे कडाडले, "मधोमध? अगं, ते ब्रह्मस्थान! तिथे जड वस्तूसुद्धा ठेवत नाहीत, आणि तुम्ही आग लावणार?"

मी फोनजवळ सरकले. "बाबा, एक विचारू? आपल्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये मधोमध काय येतं?"

मग मागून सासूबाईंचा आवाज आला, "संडास!" आणि त्यांना हसू आवरेना. "अहो, इतकी वर्षं ब्रह्मस्थानात रोज सकाळी पेपर घेऊन बसता, आणि तिच्या शेकोटीला दिशा बघता?"

"तो बिल्डरने दिलाय," सासरे म्हणाले.

"ही चिमणीपण बिल्डरनेच दिलीय, बाबा," मी म्हणाले.

"बरं बरं," ते पुटपुटले. "पण पेटवताना नारळ फोडा."

मग शोर्नष्टाइनफेगर आला. चिमण्या तपासणाऱ्या या माणसाने होकार दिल्याशिवाय तिकडे ओफेन पेटवता येत नाही. तळघरातलं काजळी काढायचं छोटं दार उघडून त्याने आत आरसा धरला आणि मला बोलावलं. आरशात आभाळाचा चौकोन स्वच्छ दिसत होता. "जा, वापरा," तो म्हणाला.

दुकानात नवरा सगळ्यांत मोठ्या ओफेनपाशी थांबला. "पॉवर जास्त असलेली बरी." शेजाऱ्यांकडे तसलाच होता, ते भर जानेवारीत खिडक्या उघडून बसायचे. मी हे सांगितलं आणि एका लहान ओफेनवर हात ठेवला. तोच आला.

एका शनिवारी दुपारी नारळ फुटला. बर्चच्या लाकडाची ढलपी पेटली, धूर क्षणभर रेंगाळला आणि मग सरसर वर चढला. काचेआड ज्वाळा उभ्या राहिल्या. मधली भिंत तापत गेली तशी स्वयंपाकघरातही ऊब जाणवू लागली. मी स्वेटर काढून टाकला आणि ओफेनसमोर बसकण मारली.

ओफेनला जागा करताना सरकवलेल्या सोफ्याचं एक टोक उचलून नवरा उभा होता. "हा कुठे ठेवायचा?" त्याने मला विचारलं.

मी बसल्या जागेवरून बोट दाखवलं.