एकोणीस वेळा एक

सुगंधा चुरी मुलुंडला राहतात. मरोळच्या एका शाळेत त्यांनी एकतीस वर्षं गणित शिकवलं. वर्गात त्यांचा एकच धोशा असायचा, "दहा उदाहरणं जुळली म्हणून नियम होत नाही. आधी सिद्ध करा, मग बोला." मुलं त्यांच्यापुढे चळाचळा कापायची आणि बाईंना ते आवडायचं, खोटं कशाला सांगा.

नववीत क्लॅरिस परेरा होती. मरोळ गावठाणातली, मितभाषी मुलगी. एकदा तिने वही पुढे केली. पहिल्याच ओळीत एकोणीस वेळा एक लिहून केलेली भलीमोठी संख्या होती.

"बाई, ही मूळ संख्या असावी. हजारापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं. भाग जातच नाही."

बाईंनी पुढची पानं उलटलीसुद्धा नाहीत. फळ्यावर तीन वेळा एक लिहिला. त्याला तीनने भाग जातो. पाच वेळा लिहिला, तर एक्केचाळीसने जातो. सात, अकरा, तेरा, सतरा वेळा लिहिला, तरी कुणी ना कुणी भागणारा निघतोच. "मग तुझी एकोणीसवाली काय आभाळातून पडली?"

वर्ग खो खो हसला. क्लॅरिस हळूच म्हणाली, "पण बाई, उदाहरणांनी सिद्ध होत नाही ना?"

बाईंचं वाक्य बाईंवरच उलटलं. मग काय, पारा चढला. त्यांनी लाल पेनाने सगळी पानं फराफरा खोडली आणि मुलीला वर्गाबाहेर उभं केलं. पुन्हा तिने गणिताच्या तासाला हात वर केला नाही. दहावीनंतर ती कॉमर्सला गेली.

गेल्या महिन्यात भाची रेवती कम्प्युटरवर काहीतरी करत होती. "मावशी, कुठलीही मोठी संख्या सांग, मूळ आहे का ते लगेच कळतं." बाईंच्या तोंडून नेमकी तीच संख्या निघाली. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं. मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही. नुसत्या एकांच्या संख्यांत ११ या दोन अंकी संख्येनंतर मूळ निघते ती थेट हीच, मधली एकही नाही.

रविवारी त्या मरोळ गावठाणात क्लॅरिसच्या घरी गेल्या. क्लॅरिस आता चाळिशीची, विम्याच्या ऑफिसात नोकरीला. तिने बाईंना ओळखलं, बसवलं, चहा दिला.

"क्लॅरिस, तू बरोबर होतीस. मी चुकले गं."

"माहीत आहे, बाई. अकरावीत लायब्ररीतल्या एका पुस्तकात सापडलं मला."

"मग येऊन सांगायचं नाही का? तेव्हाच तुला सायन्सला घालायला मी धडपडले असते."

"आले होते ना. शाळेच्या गेटपर्यंत."

"मग?"

क्लॅरिसने कप खाली ठेवला. "तुम्हीच सांगा, बाई. ऐकून घेतलं असतंत?"

बाईंना हो म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"मला पण तेच वाटलं," क्लॅरिस म्हणाली. "म्हणून घरी परत गेले."