पॅरिसमध्ये भोंगा वाजला तेव्हा

त्या उन्हाळ्यात आम्ही नाशिकला न जाता पॅरिसला गेलो. कुवेतमधल्या आमच्यासारख्या घरांत असं सहसा कुणी करत नसे. शाळांना सुट्टी लागली की बॅगा भरायच्या, सासर-माहेर करायचं, राहिलेली लग्नं-मुंजी आटपायच्या आणि लोणच्याच्या बरण्या सांभाळत परत यायचं, हे ठरलेलं. पण त्या वर्षी मार्चमध्ये शेजारी इराकमध्ये युद्ध पेटलं होतं आणि ते सगळे दिवस आम्ही चौघांनी फहाहीलच्या आमच्या फ्लॅटमध्ये काढले होते. माझे यजमान रिफायनरीत इंजिनीयर. त्यांना रजा मिळायचा प्रश्नच नव्हता, आणि त्यांना एकटं टाकून मी निघणार नव्हते. माझे वडील नाशिकहून फोन करायचे, "पोरांना घेऊन निघून ये." मी म्हणायचे, "बघते, अण्णा." बघत काहीच नव्हते.

युद्ध संपलं असं टीव्हीवर सांगून झालं. शाळा पुन्हा सुरू झाल्या. जूनमध्ये एका संध्याकाळी हे कामावरून आले आणि बूटसुद्धा न काढता म्हणाले, "यंदा मुलांना पॅरिस दाखवू."

"अहो, तिकडे सगळे वाट बघतायत."

"तिकडे गेलो की जो भेटेल तो युद्धाबद्दलच विचारणार. मुलांनी काहीतरी दुसरं बघावं असं वाटतंय मला."

मुलगा चौदा वर्षांचा होता. आम्ही मराठीत विचारायचं आणि त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे वय. "कूल," एवढंच म्हणून तो पुन्हा कॉम्प्युटरकडे वळला. मुलगी आठ वर्षांची. तिने भावाचा शाळेचा अ‍ॅटलास आणला, पॅरिस कुठे आहे ते विचारून घेतलं आणि मग बोट नकाशावर फिरवत म्हणाली, "म्हणजे इराकपासून लांब आहे." हे हसले. मला हसू आलं नाही.

खरं सांगायचं तर पॅरिसमधले पहिले दोन दिवस मी घाबरलेलीच होते. मेट्रोचे दरवाजे इतक्या झटकन मिटायचे की मुलं आत आणि मी बाहेर राहीन असं दर वेळी वाटे. स्टेशनात बंदुका घेतलेले सैनिक फिरत होते. ते रोजचंच आहे असं यांनी दोनदा सांगितलं, तरी मी त्यांच्याजवळून जाताना मुलांना दुसऱ्या बाजूला घ्यायचे. आयफेल टॉवरवर मी कठड्याकडे गेलेच नाही. लिफ्टच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. मुलगी मात्र मजेत दिसत होती. लाल फ्रॉक, गळ्यात पाण्याची बाटली, आणि प्रत्येक कुत्र्यापाशी थांबणं.

तिसरा दिवस बुधवार होता. सकाळी एक मोठं चर्च पाहून आम्ही नदीकाठच्या एका लहानशा चौकात आलो. हे नावेची तिकिटं काढायला पुढे गेले. मी बाकावर बसून डबा उघडला. हॉटेलच्या नाश्त्यावर माझा विश्वास नसल्यामुळे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी कुवेतहूनच करून आणली होती. मुलगा कॅमेऱ्याशी खेळत होता. समोर चारपाच दुकानं होती. त्यांतल्या बायकांच्या सलूनबाहेर एक पांढरा कुत्रा बांधलेला होता, आणि मुलगी त्याच्यासमोर उकिडवी बसली होती. मी दशमीला चटणी लावली, तिला हाक मारणार, तेवढ्यात भोंगा वाजला.

तोच आवाज. खालून वर चढणारा, वर जाऊन थरथरणारा, पुन्हा खाली येणारा. मार्चमध्ये तो आवाज आला की आम्ही आतल्या खोलीत पळायचो. हे घरी असले तर चौघं, शिफ्टवर असले तर आम्ही तिघं. माझ्या हातातला डबा खाली पडला. मी मुलाला दंडाला धरून बाकाखाली ओढलं.

"आई, व्हॉट आर यू डूइंग?" तो म्हणाला, पण त्याचाही चेहरा पांढरा पडला होता आणि त्याने हात सोडवून घेतला नाही.

आजूबाजूला कुणीच थांबलं नव्हतं. एक बाई बाबागाडी ढकलत शांतपणे चालली होती. सायकलवरचा एक माणूस पाव खात खात गेला. त्यांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. या लोकांना कळत कसं नाही, सांगायचं तरी कोणत्या भाषेत, असं माझ्या मनात चाललं होतं. मग मी सलूनकडे पाहिलं. कुत्रा होता. मुलगी नव्हती.

मी तिचं नाव घेऊन ओरडले. भोंग्यात माझा आवाज मलाच ऐकू येईना. रस्ता ओलांडला तेव्हा एक गाडी माझ्या अगदी जवळ करकचून थांबली, ड्रायव्हर काहीतरी बोलला. मी पहिल्या दुकानात शिरले. "लिटल गर्ल! रेड फ्रॉक!" दुकानदाराने खांदे उडवले. दुसऱ्या दुकानात तेच. सलूनमध्ये डोकावले, तिथे ड्रायरखाली बसलेल्या एका बाईने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

हे धावत आले. "कुठे आहे ती?"

"इथेच होती. आत्ता इथेच होती हो."

त्यांनी चौकात एकदा नजर फिरवली आणि ते नदीकडे धावले. काठाच्या दगडी भिंतीवर ओणवे होऊन ते खाली पाण्यात बघायला लागले. इतका वेळ मला क्षेपणास्त्रांची भीती वाटत होती. यांची ती वाकलेली पाठ पाहिली आणि नदीचं खोल पाणी डोळ्यांपुढे आलं.

भोंगा थांबला. त्यानंतरची शांतता सोसवेना. मुलगा कोपऱ्यापर्यंत पळत गेला, परत आला, दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेला. परत आला तेव्हा रडत होता. "आई, ती नाहीये गं," तो म्हणाला. मराठीत. मी त्याला जवळ घेतलं नाही, कारण मग मी कोसळले असते. "पुन्हा बघ," म्हटलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मी एका पोलिसाला बाहीला धरून लाल फ्रॉक, लाल फ्रॉक असं मराठीतच सांगत असताना भोंगा दुसऱ्यांदा वाजला. या वेळी एकाच पट्टीत, सरळ. मी कानांवर हात ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा सलूनचं दार उघडत होतं. काळा एप्रन घातलेली एक उंच बाई बाहेर आली, आणि तिचा हात धरून माझी मुलगी. ओला रुमाल नाकातोंडावर दाबून ती शांतपणे चालत येत होती. मला पाहिल्यावर तिने रुमाल खाली घेतला.

मी तिला उचललं. आठ वर्षांची मुलगी, एरवी मला उचलता येत नसे. हेही धापा टाकत पोचले. ती उंच बाई आकाशाकडे बोट दाखवून, हसण्याचा प्रयत्न करत, "टेस्ट, टेस्ट," म्हणत होती. मग तिला आमचे चेहरे दिसले असावेत, कारण तिचं हसू गेलं. तिने माझा हात धरला आणि मला आत, दुकानाच्या मागच्या बाथरूमपाशी नेलं.

बाथरूममध्ये सलूनचे पांढरे टॉवेल होते. नळाखाली भिजवून, पिळून, दाराखालच्या फटीत घट्ट कोंबलेले. दार ढकलून उघडल्यामुळे ते थोडे सरकले होते. कमोडवर चढून एक टॉवेल खिडकीच्या फटीतही खुपसलेला होता. विषारी वायू आत येऊ नये म्हणून मार्चमध्ये घरी आम्ही अशाच फटी बुजवायचो.

"काकू दार वाजवत होत्या," मुलगी म्हणाली, "पण मी उघडलं नाही. बाबांनी सांगितलंय."

हे तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "काय सांगितलंय मी?"

"मी बाहेर राहिलो तर माझ्यासाठीसुद्धा दार उघडायचं नाही. सरळ भोंगा झाला की मगच." ती त्यांच्याकडे पाहत होती, आपलं उत्तर बरोबर आलंय ना, अशा नजरेने. "मला वाटलं तुम्ही सगळेच बाहेर राहिलात. पण मी रडले नाही. रडलं की हवा जास्त लागते."

मार्चमधल्या त्या सगळ्या दिवसांत यांचा आवाज एकदाही चढला नव्हता की कापला नव्हता. क्षेपणास्त्र समुद्रकाठच्या मॉलजवळ पडलं, त्या दिवशीसुद्धा ते वेळेवर शिफ्टला गेले होते. आता ते सलूनच्या एका खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांत तोंड लपवून हुंदके द्यायला लागले. त्या उंच बाईने त्यांना पाणी आणून दिलं. मग खुर्ची हळूच फिरवून आरशाकडे पाठ करून ठेवली. ड्रायरखालच्या बायका खाली मान घालून मासिकं बघत राहिल्या.

नावेची तिकिटं यांच्या खिशातच राहिली. हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाने इंग्रजीत समजावलं की महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बारा वाजता भोंगे नीट चालतात की नाही ते बघतात, काळजीचं काही नाही. मुलीने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे उद्या नाही वाजणार?"

"नाही," हे म्हणाले.

"आणि घरी गेल्यावर?"

घर म्हणजे तिच्यासाठी कुवेत. हे तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. खोटं बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं असावं. "मला माहीत नाही, बाळा," ते शेवटी म्हणाले. तिने मान हलवली. खरं उत्तर मिळाल्याने तिला बरंच वाटलं असावं, निदान त्या दिवशी ती व्यवस्थित जेवली.

उरलेल्या दिवसांत आम्ही संग्रहालयं पाहिली, बागा पाहिल्या, फोटो काढले. फोटोंमध्ये आम्ही सगळे हसतोय. पण कुठल्याही इमारतीत शिरलो की ती आधी बाथरूम कुठे आहे ते विचारायची, आणि मुलगा तिला घेऊन जाऊन दाखवून आणायचा.

कुवेतला परतल्यावर कायमचं नाशिकला जायचं का, यावर आमची खूप बोलणी झाली. भांडणंही झाली. शेवटी राहिलो, आणखी बरीच वर्षं राहिलो. हिवाळा आला तेव्हा शाळेची सहल शहरापासून लांब, वाळवंटातल्या वफ्र्याच्या शेतांवर जाणार होती. मी नको म्हणणार होते. पण मुलीनेच स्वतःहून बाईंना नाव दिलं होतं.

तो दिवस मी कसा काढला ते मलाच ठाऊक. फोन उचलून ठेवला, पुन्हा उचलला. भाजी करपवली. संध्याकाळी शाळेची बस फाटकाशी आली आणि ती उतरली, बुटांवर चिखल, नाक उन्हाने लाल, आणि पिशवीत कोवळ्या काकड्या.

"आई, तिथे एवढी मोठी शेतं आहेत," तिने दोन्ही हात पसरून दाखवलं. मग मला बसमधल्या मैत्रिणींची भांडणं सांगायला लागली. मी विचारलं, भीती नाही ना वाटली?

"कशाची?" ती म्हणाली आणि पुन्हा भांडणाकडे वळली. त्यांच्यात खिडकीजवळची जागा कुणाची यावरून बोलणं बंद झालं होतं. मी पिशवीतून एक काकडी काढली, पदराला पुसली आणि ऐकत ऐकत खायला लागले.