अक्कांची घोडी

पाचोऱ्यात हल्ली नवरदेव सजवलेल्या जीपमधून निघतात. तसा एखादा दिसला की मला आमच्या गल्लीतल्या अक्का आठवतात. त्यांच्याकडे वरातीची पांढरी घोडी होती. रोज दुपारी अक्का तिच्या आयाळीत, कानांत, शेपटीखाली बोटं घालून गोचिडी काढायच्या आणि रॉकेलच्या डब्यात टाकायच्या. प्रत्येक गोचिडीला अहिराणीतली शिवी ठरलेली. "मुडद्या, तुनं आठे काय काम शे?" घोडीशी मात्र लेकीसारखं बोलायच्या.

माझ्या मोठ्या भावाच्या लग्नाच्या तोंडावर घोडी तापली. हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी लाल झाली. गुरांचे डॉक्टर म्हणाले, गोचिडीमुळे रक्तात जंतू शिरलेत, तिला अजिबात चालवू नका. तरी वडील अक्कांकडे घोडी मागायला गेलेच.

"अक्का, फक्त मारुतीच्या देवळापर्यंत. नवरदेव पायी गेला तर लोक काय म्हणतील?"

अक्का तबेल्याच्या दारात आडव्या बसल्या. "नवरदेवले पाय शेतस ना? चालू द्या त्याले."

भाऊ पायीच गेला. वडिलांनी अक्कांशी बोलणं टाकलं.

घोडी वाचली. तिच्या अंगावर पुन्हा तुकतुकी आली, तेव्हा एका संध्याकाळी अक्का तिला सजवून आमच्या दारात घेऊन आल्या.

भावाला म्हणाल्या, "चल, बस. तुनी वरात बाकी शे."

बँड नाही, वऱ्हाडी नाहीत. भाऊ लाजत घोडीवर बसला, वहिनी ओट्यावर तोंडाला पदर लावून हसत होती. अक्कांनी लगाम धरला, तोच वडील घरातून फेटा घेऊन धावत आले.

"थांबा अक्का, असा उघड्या डोक्यानं नका नेऊ त्याला."