येळवशीच्या भज्जीतली चार वांगी

बिराजदार मॅडमच्या साठीच्या पुस्तकात लिहा म्हणून त्यांचे विद्यार्थी आमच्या शेतात आले. मी म्हटलं, "अरे, त्यांचं काम बुडवलं ते मीच. माझ्याकडून कशाला लिहून घेता?" ते म्हणाले, "आजी, म्हणूनच." मला काही उमगलं नाही. तरी लिहिते.

मॅडम लातूरला पिकांचं संशोधन करतात. निलंग्याच्या एसटीनं पहिल्यांदा आल्या, त्या आमचं विहिरीकडचं वावर मागायला. अळीला पुरून उरेल असं नवं वांगं त्यांना लावून बघायचं होतं. तारेचं कुंपण झालं, कुलूप लागलं. एक किल्ली त्यांनी विश्वासानं माझ्याकडे ठेवली. प्रत्येक फळ मोजायचं, तोलायचं आणि जाळून टाकायचं. असलं तजेलदार वांगं, आणि जाळायचं! पिकवून जाळणारी शहाणी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

तिसऱ्या वर्षी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली. येळवशीला आम्ही शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करून पूजा करतो आणि बांधावर येईल त्याला जेवायला बसवतो. माझी काटेरी वांगी सगळी किडलेली. येळवशीची भज्जी म्हणजे शेंगादाण्यांची, पालेभाज्यांची मिसळभाजी; ती वांग्याशिवाय कशी व्हायची? किल्ली घेतली, चार तोडली. नाहीतरी जाळायचीच होती.

दुपारी मॅडमही आल्या, पंगतीला बसल्या. मी दुसऱ्यांदा वाढताना म्हणाल्या, "मावशी, यंदा वांगी छान निघाली तुमची."

"माझी कुठली? तुमचीच की."

त्यांचा हात ताटातच थांबला.

"काय झालं? जहर हाय व्हय त्यात?"

"तसं वाटत नाही."

"मग चांगली हायत?"

"तेही अजून सांगता येत नाही. तेच तर तपासतोय आम्ही."

"इतकं शिकून तुमाला ठाऊक तरी काय हाय मग?"

"अजून पुरतं काही नाही, मावशी."

मी म्हटलं, "वानरांनी नेली म्हणून लिवा. कोण इचारतंय?" मॅडमनी हात धुतला, वही काढली. चार वांगी. खाणाऱ्या सगळ्यांची नावं, पहिलं स्वतःचं. खाली लिहिलं, किल्ली मी दिली, चूक माझी. मला वाचूनही दाखवलं.

ती वही वरच्या साहेबांकडे गेली आणि थोड्याच दिवसांत हुकूम आला, प्रयोग बंद. तीन वर्षांची मेहनत उपटून मॅडमनी स्वतः काडी लावली. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी विचारलं, "पोट बरं आहे ना?"

खोटं लिहिलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं, हे मला आजही कळत नाही. मात्र गेल्या साली एक दुकानदार नवं बियाणं पुढं करून म्हणाला, "एकदम बिनधोक, आजी." मी म्हटलं, "थांब, मॅडमला इचारते." जी बाई 'माहीत नाही' म्हणते, तिलाच विचारावंसं का वाटलं? तेही कळत नाही.

तेव्हापासून दर येळवशीला मॅडम येतात, त्या पंगतीतल्या एकेकाची तब्येत विचारून वहीत टिपतात. मी विचारते, "आता तरी सांगा, चांगली व्हती का वाईट?" त्या म्हणतात, "तुम्ही धडधाकट आहात, एवढंच लिहिते."

तर मॅडमना निरोगी, दांडगं आयुष्य मिळो, शंभरी त्यांनी इथंच कोपीत बसून पुरी करावी. उत्तर घेतल्याशिवाय मीही जायची नाही. येत्या येळवशीला जेवायला या, मॅडम. वांगी माझीच असतील, अळ्या काढून चिरलेली.