काळी आणि पांढरी

मार्थाबाई विळीला हात लावत नसत. दौंडला त्यांच्या घरी मी स्वयंपाकाला लागले, तेव्हा शेजारणी म्हणायच्या, "बाईमाणूस आन् कांदा चिरता येत न्हाई!" बाई हसून आपली बोटं पुढं धरायच्या. "यांना जपायचं तर एवढी बोलणी खायचीच." त्याच बोटांनी त्यांनी मुंबईत, परदेशात मोठ्या सभागृहांत पियानो वाजवला होता. पुढं सांधे आखडू लागले, तशा त्या वडिलांच्या घरी दौंडला परत आल्या आणि येईल त्या पोराला शिकवू लागल्या.

दर गुरुवारी मांडीवर बॅटरीचा लहान कीबोर्ड घेऊन त्या एसटीनं शिरूरकडच्या एका शाळेत जायच्या. एकदा कंडक्टर म्हणाला, "मावशी, बाजा टपावर टाका." बाई म्हणाल्या, "टाक. मग मलाही वर चढव." सगळी गाडी हसली आणि बाजा मांडीवरच राहिला.

मी राहू गावची, चौथी शिकलेली. चार माणसांत तोंड उघडायची नाही. एकदा बाई पियानोपाशी पोरांना सांगत होत्या, "पांढरीवरून काळीवर जा." चुलीपाशी मला हसूच फुटलं.

"काय झालं गं शांता?"

"बाई, आमच्याकडं गावठाणाला पांढरी म्हणत्यात आन् रानाला काळी. मला वाटलं, पोरांना रानात धाडताय."

बाई हसल्या नाहीत. पियानोकडे बघत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी आधी पांढऱ्या, मग काळ्या पट्ट्यांवर बोट ठेवत पोरांना म्हणाल्या, "हे गाव, ही रानं. इथं दोन रानं जवळजवळ, तिथं तीन. दोन रानांच्या डाव्या अंगाला जे घर, तो आपला सा." ज्या पोरांना पट्टी सापडत नव्हती, ती डोळे मिटून त्या घरी पोचू लागली.

मग बाईंनी मलाही बसवलं. एक धून दोन्ही हातांनी यावी, एवढीच माझी इच्छा. उजवा हात चालायचा, पण डावा कोकरासारखा त्याच्यामागं धावायचा. "अगं, दोघांना वेगळ्या रानात सोड. एका वाटेनं न्यायला ती काय मेंढरं आहेत?" बाई म्हणायच्या. त्यात दारात कुणी आलं की माझे दोन्ही हात पदराखाली.

बाईंना स्वतःचा पेला धरता येईना, तेव्हा गोव्याहून भाची न्यायला आली. पियानो पुण्यातल्या एका शाळेला दिला. हमाल दोर घेऊन आले, तेव्हा बाई म्हणाल्या, "शांता, बस."

"बाई, माणसं हायती."

"म्हणूनच बस."

मी बसले. एक हमाल म्हणाला, "मामी, पेटीची पाठवणी करताय व्हय?" दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. मी मान वर केली नाही. धून सुरू झाली आणि डावा हात पहिल्यांदाच आपल्या वाटेनं गेला. शेवटपर्यंत गेला. हमाल दोर खाली टाकून ऐकत होते.

बाईंचे डोळे मिटलेले होते. त्या म्हणाल्या, "आता परत. जरा सावकाश."

तेवढ्यात टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला आणि हमाल पुढं झाले.

बाई पुढं गोव्यालाच वारल्या. ती धून मला अजून पाठ आहे. सावकाश वाजवली असती तर कशी झाली असती, तेवढं मात्र कळलं नाही.