अब्बांच्या जागी एतिकाफ

लोकांच्या हातात नुकते मोबाईल येऊ लागले होते, तेव्हा कापूरहोळच्या फाट्यावर माझं रिचार्ज आणि दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. अम्मी-अब्बा भोरला राहायचे. अंतर फार नव्हतं, पण जाणं व्हायचं नाही. अब्बांना मीच एक हँडसेट घेऊन दिला होता. रोज दुकान बंद करताना फोन लावायचो.

"जेवलास का?" ते विचारायचे.

"व्हय. तुमी?"

"आत्ताच."

एवढंच बोलणं, पण तेवढ्यावर आमचं बरं चाललं होतं.

मग एका पावसाळ्यात अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. काठी घेऊन, उजवा पाय ओढत ते चालायला लागले, वाचा मात्र परतली नाही. तोंडातून नुसता आवाज निघायचा. फोन अम्मी उचलू लागली. "बरं हाय, बसल्यात," म्हणायची. भोरला गेलो तरी त्यांच्यासमोर बसून काय करावं ते सुचायचं नाही. खिशातला मोबाईल वाजला की सुटल्यासारखा मी बाहेर जायचो.

त्या वर्षी रमजानचे शेवटचे दहा दिवस जवळ आले. या दिवसांत मोहल्ल्यातल्या निदान एकाने तरी घरदार, धंदा सोडून मशिदीतच मुक्काम करायचा आणि इबादतीत राहायचं, त्याला एतिकाफ म्हणतात. कुणीच बसलं नाही तर त्याचा भार साऱ्या मोहल्ल्यावर. आमच्याकडे वर्षानुवर्षं अब्बाच बसायचे, म्हणून बाकीच्यांना कधी विचार करावा लागला नव्हता.

अम्मीचा फोन आला. "समदे म्हणत्यात, ईद तोंडावर आली, दुकानं कशी सोडायची. तुझे अब्बा सकाळधरनं टोपी घालून दारात बसल्यात. त्यांना न्हाई जमायचं आता. तू येतोस का?"

धंद्याचे दिवस माझेही होते. तरी शटर ओढलं, माझा आणि दुकानाचा असे दोन्ही मोबाईल बंद करून बायकोच्या हवाली केले आणि एसटीने भोर गाठलं.

मशिदीत बांग देणाऱ्या बांगीसाहेबांनी कोपऱ्यात चादरींचा पडदा बांधून दिला. "तुमचे अब्बा हितंच बसायचे," म्हणाले.

पहिले काही दिवस फार कठीण गेले. नमाज झाली की लोक पांगायचे आणि एवढ्या जागेत मी एकटा उरायचो. कुराण उघडलं तरी मन लागत नव्हतं. हात सारखा खिशाकडे जायचा. फोन जवळ नसतानाही त्याची रिंग ऐकू यायची. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, नदीकडून कपडे आपटल्याचा आवाज. आपण इथे आहोत हे कुणाच्या ध्यानातही नाही, असं वाटायचं.

एकदा बांगीसाहेबांना विचारलं, "अब्बा दिवसभर काय करायचे?"

"पढायचे. माळ ओढायचे. अन् दुपारच्याला ईचारायचे, आमच्या घरचं कोन आलंवतं का."

मी पडद्याआड जाऊन पुन्हा कुराण उघडलं.

त्यानंतर एका दुपारी पायरीवर काठी वाजली. अम्मीने अब्बांना दारापर्यंत आणलं होतं. बांगीसाहेबांनी त्यांना धरून माझ्याजवळ बसवलं. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. आता वाजणारं काही नव्हतं आणि मला उठून कुठे जाताही येत नव्हतं. काही तरी करायचं म्हणून मी हळू आवाजात अल्हम्द, कुराणाच्या सुरुवातीची प्रार्थना, म्हणायला लागलो, लहानपणी त्यांनीच शिकवलेली.

दुसऱ्या ओळीला अब्बांचे ओठ हलले. तिसरीला आवाज आला. अडखळत नव्हे, स्वच्छ, त्यांचा जुना आवाज. शेवटपर्यंत ते माझ्याबरोबर म्हणत गेले.

मी घाईने विचारलं, "अब्बा, तुमाला बोलता येतंय? काय हवंय?"

त्यांनी तोंड उघडलं. पुन्हा तोच तुटका, अर्थ नसलेला आवाज. त्यांचे डोळे भरून आले. मी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली, तेव्हा ते शांत झाले.

त्यानंतर ते रोज आले. पाठ असलेलं सगळं त्यांच्या जिभेवर येई, स्वतःचं मात्र एक वाक्य नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, असं होतं कधीकधी.

ईदचा चाँद दिसला, पडदा सुटला. बायकोने मोबाईल परत दिले, दुकान पुन्हा सुरू झालं. पण दर शुक्रवारी मी भोरला जायचो, फोन कापूरहोळलाच ठेवून. अब्बांशेजारी बसायचं, दोघांनी मिळून पढायचं. मग मी त्यांना दुकानातलं, पोरांचं, सगळं सांगायचो. ते माझा हात धरून ऐकायचे आणि मधेच काही तरी सांगायला बघायचे, मन लावून, कपाळाला घाम येईपर्यंत.

पुढचा रमजान यायच्या आधीच ते गेले. त्यांना काय सांगायचं होतं, ते मला कधीच कळलं नाही.